श्वेतवर्चस्ववाद व धर्मसंस्था, दक्षिण आफ्रिकेतील

गौरवर्णीय लोक बुद्धी, संस्कृती व नैतिक योग्यता यांबाबत इतर मानवसमूहांहून श्रेष्ठ असून त्यांच्यावर सत्ता गाजविण्याचा नैसर्गिक वा ईश्वरदत्त अधिकार त्यांना आहे, या समजुतीस श्वेतवर्चस्ववाद असे म्हणतात. पंधराव्या शतकानंतर यूरोपीय सत्तांचा जो विस्तार झाला, त्यातून व विशेषतः गुलामांच्या व्यापारातून ही विचारसरणी आकारास आली. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, ऱ्होडेशिया इ. अनेक प्रदेशांत तिचे निरनिराळे आविष्कार दिसतात. तथापि दक्षिण आफ्रिकेत १९४८ ते १९९४ या काळात तिला संपूर्ण शासनयंत्रणेचे व विधिसंहितेचे रूप प्राप्त झाले. तेथील या व्यवस्थेस ‘अपार्थाइड’ (अलगता) ही आफ्रिकान्स भाषेतील संज्ञा रूढ झाली. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे, की तिचे समर्थन प्रामुख्याने ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या आधारे करण्यात आले आणि तिच्याविरुद्धच्या लढ्यातही ख्रिस्ती धर्मसंस्था अग्रभागी होत्या. एकच धर्मग्रंथ प्रमाण मानणारे शासक व शासित परस्परांसमोर उभे ठाकल्याचे हे आधुनिक इतिहासातील एक ठळक उदाहरण होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने यान व्हान रीबेक याने ६ एप्रिल १६५२ रोजी केप येथे ठाणे वसविले. स्थानिक खोइखोइ व सान लोकांची भूमी हळूहळू वसाहतकारांच्या ताब्यात गेली आणि मजुरीसाठी मादागास्कर, मोझँबीक, ईस्ट इंडीज बेटे, तसेच बंगाल, कोरोमंडल व मलबार या भारतीय किनाऱ्यांवरून गुलाम आणण्यात आले. प्रारंभीच्या काळात समाजाची विभागणी ख्रिस्ती व अख्रिस्ती अशी मानली जाई. पुढे गुलाम व खोइखोइ यांच्यापैकी काहींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ही विभागणी अपुरी ठरली व तिची जागा वर्णाने घेतली. ब्रिटिशांनी १८०६ मध्ये केप कायमचे ताब्यात घेतले. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करण्यात आली. त्यानंतर केपमधील गुलामांना उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे मालकांकडेच राबावे लागले. या व इतर कारणांमुळे असंतुष्ट झालेल्या बोअर कुटुंबांनी १८३५ नंतर उत्तरेकडे व ईशान्येकडे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर केले. हे स्थलांतर ‘ग्रेट ट्रेक’ म्हणून प्रसिद्ध आहे. या स्थलांतराचा नेता पीट रेटीफ याची पुतणी ॲना स्टीनकँप हिने आपल्या आठवणींत असे नमूद केले आहे, की गुलामांच्या मुक्ततेपेक्षाही त्यांना ख्रिस्ती लोकांच्या बरोबरीचे स्थान देणे हे आपल्या लोकांना असह्य वाटले; कारण ते ईश्वरी नियमांच्या विरुद्ध होते. वर्णश्रेष्ठत्वाच्या भावनेला धर्माज्ञेचे रूप कसे मिळत गेले, हे या विधानावरून स्पष्ट होते.

१६ डिसेंबर १८३८ रोजी नाताळमधील एंकोम नदीकाठी बोअरांच्या लहानशा तुकडीने झुलूंच्या मोठ्या सैन्याचा पराभव केला. त्यात सु. ३,००० झुलू ठार झाले व ती नदी पुढे ‘ब्लड रिव्हर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. लढाईपूर्वी बोअरांनी ईश्वराला नवस केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घटनेला राष्ट्रीय पुराणकथेचे स्वरूप आले. इझ्राएल लोकांप्रमाणे आफ्रिकानरही ईश्वराने निवडलेले लोक होत आणि इंग्रजांची राजवट म्हणजे ईजिप्तमधील दास्य होय, अशी धारणा तीतून दृढ झाली. ट्रान्सव्हाल प्रजासत्ताकाच्या १८५८ च्या संविधानात गोरे व इतर यांच्यात राज्यव्यवहारात किंवा चर्चमध्ये समानता मान्य केली जाणार नाही, असे कलमच घालण्यात आले.

चर्चमधील विभाजन : बोअरांचे प्रमुख धर्मपीठ म्हणजे कॅल्व्हिनपंथीय डच रिफॉर्म्ड चर्च. १८२९ मध्ये या चर्चच्या केप येथील धर्मसभेने प्रभुभोजनाचा विधी सर्वांना वर्णनिरपेक्ष एकत्रच द्यावा, असा निर्णय दिला होता. तथापि गोऱ्या उपासकांची नाराजी वाढत गेली. १८५७ च्या धर्मसभेने एकत्र उपासना हीच शास्त्रसंमत व इष्ट गोष्ट आहे, असे तत्त्वतः मान्य केले; परंतु काही जणांचे मन दुर्बळ असल्यामुळे ख्रिस्ती कार्यास अडथळा येत असेल, तर अन्यवर्णीयांची उपासना वेगळ्या इमारतीत घेण्यास मुभा दिली. ही सवलत तात्पुरती मानली गेली होती. प्रत्यक्षात तीच नियम बनली. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी स्वतंत्र डच रिफॉर्म्ड मिशन चर्च स्थापन झाले आणि पुढे कृष्णवर्णीयांसाठी व भारतीयांसाठीही वेगवेगळी चर्चे निर्माण झाली. विसाव्या शतकात राजकारण्यांनी जेव्हा संपूर्ण समाजाच्या पृथक्करणाची योजना मांडली, तेव्हा चर्चची ही रचना त्यांना आयता नमुना म्हणून उपलब्ध झाली.

इंग्रजीभाषक चर्चांची स्थितीही पूर्णतः निर्दोष नव्हती. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन इ. पंथांत सभासदत्व सर्वांना खुले असले, तरी अधिकारपदे, वेतन व वस्तीनिहाय उपासना यांत भेदभाव होताच. त्याचा निषेध म्हणून १८९२ मध्ये मंगेना मोकोने या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने प्रिटोरिया येथे इथिओपियन चर्चची स्थापना केली. गोऱ्या मिशनऱ्यांच्या नियंत्रणापासून मुक्त असलेल्या आफ्रिकी चर्चांच्या चळवळीचा हा आरंभ होय. या चळवळीकडे शासन संशयाने पाहत असे. मे १९२१ मध्ये बुलहुक येथे ‘इझ्राएलाइट’ पंथाच्या अनुयायांनी आपली पवित्र भूमी सोडण्यास नकार दिला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली.

मिशनऱ्यांच्या शाळांतून शिकलेल्या आफ्रिकी सुशिक्षितांचा एक वर्ग या सुमारास उदयास आला. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघराज्य अस्तित्वात आले व त्यात बहुसंख्य जनतेला मताधिकार नाकारण्यात आला. त्याची प्रतिक्रिया म्हणून ८ जानेवारी १९१२ रोजी पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने प्रसिद्ध झालेली संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉन दुबे हे दीक्षित धर्मोपदेशक होते. मिशन शाळेतील शिक्षक ईनॉक सोंटोंगा यांनी १८९७ मध्ये रचलेले ‘एन्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हे प्रार्थनागीत संघटनेने आपले गीत म्हणून स्वीकारले. १९९७ पासून ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. १९१३ च्या भूमी अधिनियमान्वये देशाची केवळ सु. ७ टक्के जमीन आफ्रिकी लोकांसाठी राखून ठेवण्यात आली. १९३६ मध्ये हे प्रमाण सु. १३ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले.

अपार्थाइडचे धर्मशास्त्र : १८९९–१९०२ च्या युद्धातील पराभव, स्त्रिया व मुले यांचे छळछावण्यांतील मृत्यू आणि त्यानंतरचे दारिद्र्य यांतून आफ्रिकानर राष्ट्रवाद प्रखर बनला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या व लवकरच गुप्त बनलेल्या ब्रूडरबाँड या संघटनेत धर्मोपदेशक, शिक्षक व राजकारणी एकत्र आले. या राष्ट्रवादाचे प्रमुख नेते डॅनिएल फ्रान्स्वा मलान (१८७४–१९५९) हे मूळचे डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मोपदेशक. १९१५ मध्ये धर्मपीठ सोडून ते दी बर्गर या वृत्तपत्राचे संपादक झाले व नंतर राजकारणात शिरले.

वर्णभेदाच्या समर्थनार्थ या वर्तुळातील धर्मशास्त्रज्ञांनी तीन प्रकारचे युक्तिवाद मांडले. पहिला बायबलमधील बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेवर आधारित होता : ईश्वरानेच मानवजातीची भाषा व वंश यांनुसार विभागणी केली, म्हणून तिचे एकत्रीकरण हे ईश्वरी संकल्पाच्या विरुद्ध होय. बायबलचे आफ्रिकान्समध्ये भाषांतर करणारे कवी व धर्मशास्त्रज्ञ याकोब डॅनिएल द्यू ट्वा यांनी १९४४ मध्ये ब्लूमफाँटेन येथील परिषदेत याच दिशेने प्रतिपादन केले. दुसरा युक्तिवाद नवकरारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील एका वचनाचा आधार घेई. ईश्वराने राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा आखून दिल्या, एवढा त्या वचनाचा उत्तरार्ध उचलून धरला जाई. सर्व राष्ट्रे एकाच मूळापासून निर्माण झाली, या पूर्वार्धाकडे मात्र दुर्लक्ष केले जाई. तिसरा युक्तिवाद डच विचारवंत आब्राहाम कायपर (१८३७–१९२०) याच्या सिद्धांतावर उभारलेला होता. कुटुंब, चर्च, राज्य इ. प्रत्येक क्षेत्राला ईश्वराने स्वायत्तता दिली आहे, असे कायपरचे मत होते. आफ्रिकानर विचारवंतांनी या क्षेत्रांत ‘लोकसमूह’ अथवा राष्ट्र याची भर घातली व प्रत्येक लोकसमूहाने आपली वेगळी ओळख अबाधित राखणे हे धार्मिक कर्तव्य ठरविले. उघड वंशद्वेषाची भाषा टाळून परस्परांचा आदर व समांतर विकास अशी भाषा वापरल्यामुळे अनेक श्रद्धाळू व व्यक्तिशः सज्जन माणसांनाही हे धोरण नीतिमान वाटले. या धोरणाचे सामर्थ्य बव्हंशी यातच होते.

मे १९४८ च्या निवडणुकीत मलान यांचा नॅशनल पक्ष प्रतिपक्षाहून कमी मते मिळूनही जागांच्या बळावर सत्तेवर आला. लवकरच मिश्रविवाहबंदी अधिनियम (१९४९), लोकसंख्या-नोंदणी व समूहक्षेत्र अधिनियम (१९५०), बांटू शिक्षण अधिनियम व पृथक सुविधा अधिनियम (१९५३) असे कायदे करण्यात आले. मिश्रविवाहांवर बंदी घालावी, अशी मागणी डच रिफॉर्म्ड चर्चने पूर्वीच शासनाकडे केली होती. जन्मतः लावलेल्या वर्णाच्या शिक्क्यावर व्यक्तीची वस्ती, शाळा, व्यवसाय, विवाह व मृत्यूनंतरची दफनभूमी ही सर्व अवलंबून राहिली. १९६० ते १९८३ या काळात सु. ३५ लाख लोकांना सक्तीने घरे सोडावयास लावण्यात आली, असा अंदाज आहे.

प्रारंभीचा विरोध : भारतीयांचा लढा या विरोधाची एक महत्त्वाची पूर्वपीठिका आहे. नाताळमधील उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी १८६० पासून भारतीय करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांच्यामागोमाग व्यापारीही गेले. केप टाउनमध्ये कोकणातून गेलेल्या मुसलमानांचीही वस्ती झाली. मोहनदास करमचंद गांधी यांनी १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली व १९०६ नंतर तेथे सत्याग्रहाचे तंत्र विकसित केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून करारमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द करण्याची मागणी केली. १९१३ च्या लढ्यानंतर हा कर रद्द झाला. गांधींच्या या लढ्याची कक्षा भारतीयांच्या हक्कांपुरती मर्यादित होती आणि त्यांच्या त्या काळातील लेखनात आफ्रिकी लोकांविषयी हीनत्वदर्शक उल्लेख आढळतात, हेही इतिहासकारांनी निदर्शनास आणले आहे. १९४६ मध्ये भारतीयांच्या जमीनमालकीवर निर्बंध घालणाऱ्या कायद्याविरुद्ध युसूफ दादू व माँटी नायकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यात भाग घेतल्याबद्दल मायकेल स्कॉट या अँग्लिकन धर्मगुरूला तीन महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत उपस्थित केला. १९५२ च्या अवज्ञा मोहिमेत आफ्रिकी व भारतीय संघटनांनी एकत्र येऊन सत्याग्रह केला व ८,००० हून अधिक लोकांनी तुरुंगवास पतकरला. या मोहिमेचे एक नेते व काँग्रेसचे पुढील अध्यक्ष ॲल्बर्ट लुथुली हे चर्चचे सामान्य उपदेशक होते. त्यांना १९६० चे नोबेल शांतता पारितोषिक देण्यात आले.

जोहॅनिसबर्गमधील सोफियाटाउन ही वस्ती १९५५ पासून उद्ध्वस्त करण्यात आली. तीत कार्य करणारे ट्रेव्हर हडलस्टन (१९१३–९८) यांनी या अन्यायास जगभर वाचा फोडली. १९५७ मध्ये शासनाने गोऱ्यांच्या विभागातील चर्चमध्ये आफ्रिकी लोकांना उपासनेस मज्जाव करण्याचा अधिकार मंत्र्याला देणारे कलम विधेयकात घातले. केप टाउनचे आर्चबिशप जेफ्री क्लेटन हे स्वभावाने सावध व कायदा पाळणारे गृहस्थ होते. परंतु हा कायदा आपण पाळू शकत नाही व आपल्या धर्मगुरूंना पाळण्यास सांगू शकत नाही, असे पत्र त्यांनी पंतप्रधानांसाठी लिहिले. ६ मार्च १९५७ रोजी त्यावर स्वाक्षरी केल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी रोमन कॅथलिक बिशपांच्या परिषदेने अपार्थाइड हे मूलतःच दुष्ट आहे, असे घोषित केले. डरबनचे आर्चबिशप डेनिस हर्ली यांचा त्यात मोठा वाटा होता.

कॉट्स्लो परिषद व तिचे परिणाम : २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात, अधिकृत आकडेवारीनुसार, ६९ निदर्शक ठार झाले. त्यानंतर आफ्रिकन नॅशनल काँग्रेस व पॅन-आफ्रिकनिस्ट काँग्रेस या संघटनांवर बंदी घालण्यात आली. या पार्श्वभूमीवर जागतिक चर्च परिषदेने आपल्या दक्षिण आफ्रिकेतील आठ सदस्य चर्चांची सभा डिसेंबर १९६० मध्ये जोहॅनिसबर्गमधील कॉट्स्लो येथे भरविली. मिश्रविवाहबंदीस बायबलमध्ये आधार नाही; वर्णाच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही चर्चमधून वगळता येणार नाही; माणूस जेथे राहतो तेथे जमीन बाळगण्याचा व शासनात भाग घेण्याचा त्याला हक्क आहे, असे निष्कर्ष सभेने काढले. केप व ट्रान्सव्हाल येथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनी त्यांना बहुतांशी संमती दिली होती. पंतप्रधान हेंड्रिक फेरवूर्ट यांनी मात्र जाहीरपणे नापसंती दर्शविली. त्यानंतर १९६१ मध्ये प्रांतिक धर्मसभांनी आपल्याच प्रतिनिधींचे निष्कर्ष फेटाळले व जागतिक परिषदेचे सदस्यत्व सोडले. राज्यसत्तेपुढे धर्मसंस्था नमल्याचा हा निर्णायक क्षण होता.

या प्रतिनिधींपैकी क्रिस्टियान बेयर्स नॉडे (१९१५–२००४) यांनी आपली संमती मागे घेतली नाही. त्यांचे वडील ब्रूडरबाँडच्या संस्थापकांपैकी होते व ते स्वतः १९४० पासून तिचे सभासद होते. १९६३ मध्ये त्यांनी सर्व वर्णांच्या ख्रिस्ती लोकांसाठी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. चर्चने धर्मोपदेशकपद व संस्थेचे संचालकपद यांतून एकाची निवड करण्यास सांगितले, तेव्हा मनुष्याच्या आज्ञेहून ईश्वराची आज्ञा श्रेष्ठ आहे, या आशयाचे अखेरचे प्रवचन देऊन त्यांनी धर्मपीठ सोडले. स्वजनांनी त्यांना बहिष्कृत केले. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांच्या संस्थेवर बंदी आली व नॉडे यांच्यावर घातलेले स्थानबद्धतेसारखे निर्बंध १९८४ पर्यंत टिकले. बेन मारे व बी. बी. कीट या धर्मशास्त्रज्ञांनीही १९५० नंतरच्या दशकात चर्चच्या भूमिकेतील शास्त्रीय दोष दाखवून दिले होते. पण त्यांचे म्हणणे त्या वेळी अल्पमतातच राहिले.

जागतिक चर्च परिषदेने १९६९ मध्ये वंशवादविरोधी कार्यक्रम सुरू केला व पुढील वर्षापासून मुक्तिसंघटनांना मानवतावादी कार्यासाठी निधी दिला. सशस्त्र लढा करणाऱ्यांना चर्चने साहाय्य करावे काय, याविषयी यूरोप-अमेरिकेतील चर्चांत तीव्र मतभेद झाले. १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकी चर्च परिषदेने एक निवेदन प्रसृत करून वंशाधिष्ठित पृथक्करण हे ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले.

कृष्णवर्णीय धर्मशास्त्र : १९७० च्या सुमारास विरोधाचे नेतृत्व गोऱ्या उदारमतवाद्यांकडून कृष्णवर्णीयांकडे गेले. स्टीव्ह बिको (१९४६–७७) यांच्या कृष्णवर्णीय जाणीव चळवळीने, पराधीनाच्या मनात रुजलेली न्यूनतेची भावना हेच सत्ताधाऱ्याचे मुख्य शस्त्र आहे, असा विचार मांडला. या विचारातून ईश्वर पीडितांच्या पक्षाचा आहे, असे सांगणारे धर्मशास्त्र विकसित झाले. जून १९७६ च्या सोवेटो येथील विद्यार्थ्यांच्या उठावानंतर व सप्टेंबर १९७७ मध्ये बिको यांचा पोलीस कोठडीतील मारहाणीमुळे मृत्यू झाल्यानंतर संघर्ष अधिक तीव्र झाला. डेझ्मंड टूटू (१९३१–२०२१) हे १९७८ मध्ये चर्च परिषदेचे सरचिटणीस झाले. त्यांना १९८४ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले व १९८६ मध्ये ते केप टाउनचे आर्चबिशप झाले.

डच रिफॉर्म्ड परिवारातील मिश्रवर्णीयांच्या चर्चने १९८२ मध्ये अपार्थाइडचा प्रश्न हा राजकीय मतभेदाचा नसून श्रद्धेच्या सत्यासत्यतेचा आहे, अशी भूमिका घेतली व बेलहार येथील धर्मसभेत श्रद्धाघोषणेचा मसुदा तयार केला. १९८६ मध्ये तो अधिकृतपणे स्वीकारण्यात आला. १९८२ मध्येच ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने अपार्थाइडचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे घोषित करून दोन गोऱ्या आफ्रिकानर चर्चांचे सदस्यत्व स्थगित केले आणि मिश्रवर्णीय चर्चचे ॲलन बूसाक यांना अध्यक्ष निवडले. ज्या कॅल्व्हिनपंथाच्या नावाने वर्णभेदाचे समर्थन केले जात होते, त्याच पंथाने दिलेला हा निर्णय असल्यामुळे त्याचा परिणाम विशेष झाला.

सप्टेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कैरॉस दस्तऐवजात धर्मशास्त्राचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले शासनाचे धर्मशास्त्र. ते ‘रोमकरांस पत्र’ यातील सत्ताधीन राहण्याच्या उपदेशाचा वापर अन्यायाच्या समर्थनासाठी करते. दुसरे चर्चचे धर्मशास्त्र. ते समेट व अहिंसा यांचा उपदेश करते, पण अन्याय दूर झाल्यावाचून समेट कसा होणार, याचे उत्तर देत नाही. तिसरे प्रेषितवाणीचे धर्मशास्त्र. ते पीडितांच्या बाजूने प्रत्यक्ष कृतीची मागणी करते. यांपैकी दुसऱ्या प्रकारावरील टीका शासनविरोधी चर्चांनाही अंतर्मुख करणारी होती.

इतर धर्मीय व तटस्थ गट : केप टाउनमधील इमाम अब्दुल्ला हारून हे १२३ दिवसांच्या स्थानबद्धतेनंतर २७ सप्टेंबर १९६९ रोजी मरण पावले. जिन्यावरून पडल्यामुळे मृत्यू आला, हे पोलिसांचे स्पष्टीकरण त्या वेळी मान्य करण्यात आले; २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मात्र छळामुळे मृत्यू ओढवल्याचा निर्णय दिला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉल ऑफ इस्लाम’ या संघटनेने अन्य धर्मीयांच्या बरोबरीने लढ्यात भाग घेतला. याउलट देशातील सर्वांत मोठ्या आफ्रिकी चर्चांपैकी एक असलेले झायन ख्रिश्चन चर्च राजकारणापासून अलिप्त राहिले. १९८५ च्या ईस्टरमध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोटा यांना मोरिया येथे निमंत्रितही केले. त्यावर टीका झाली. तथापि या चर्चने लाखो श्रमिकांना दिलेला मानसिक आधार व आत्मप्रतिष्ठा यांचाही अभ्यासकांनी विचार केला आहे.

व्यवस्थेचा शेवट : राजकीय संघटनांवर बंदी असताना चर्चच्या इमारती, अंत्ययात्रा व प्रार्थनासभा हीच सार्वजनिक विरोधाची साधने उरली होती. त्यामुळे शासनाने धर्मसंस्थांना लक्ष्य केले. ३१ ऑगस्ट १९८८ रोजी जोहॅनिसबर्गमधील चर्च परिषदेचे मुख्यालय खोत्सो हाउस स्फोटाने उद्ध्वस्त करण्यात आले व १९८९ मध्ये परिषदेचे सरचिटणीस फ्रँक चिकाने यांच्या कपड्यांना विष लावण्यात आले. ही कृत्ये शासनाच्याच सुरक्षायंत्रणेची होती, हे पुढे उघडकीस आले. आर्थिक निर्बंध, कामगार संघटनांचे संप, शेजारी देशांतील युद्धाचा भार व शीतयुद्धाची समाप्ती यांमुळे शासनाची स्थिती बिकट झाली होती. २ फेब्रुवारी १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी संघटनांवरील बंदी उठविली व ११ फेब्रुवारीस नेल्सन मंडेला यांची मुक्तता झाली.

डच रिफॉर्म्ड चर्चने १९८६ मध्ये सभासदत्व सर्व वंशांना खुले केले व अपार्थाइडला बायबलचा आधार नसल्याचे मान्य केले. त्यामुळे नाराज झालेल्या सभासदांनी १९८७ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी वेगळे चर्च स्थापन केले. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथील परिषदेत धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःच्या व आपल्या चर्चच्या वतीने अपराधाची जाहीर कबुली दिली. टूटू यांनी ती तत्काळ स्वीकारली. क्षमा करण्याचा अधिकार एका व्यक्तीला सर्व पीडितांच्या वतीने आहे काय, असा आक्षेप काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी घेतला.

सत्य व समेट आयोग : एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले व मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सत्य व समेट आयोगाचे अध्यक्ष टूटू व उपाध्यक्ष माजी मेथडिस्ट धर्मप्रमुख ॲलेक्स बोरेन हे होते. आयोगापुढे २१,००० हून अधिक पीडितांची निवेदने नोंदविण्यात आली. क्षमादानासाठी आलेल्या ७,११२ अर्जांपैकी ८४९ मंजूर झाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये ईस्ट लंडन येथे धर्मसंस्थांचीही सुनावणी झाली व तीत अनेक चर्चांनी आपल्या कृतीची व मौनाची कबुली दिली. पीडितांना २००३ मध्ये ३०,००० रँड एकरकमी देण्याचे ठरले. ही रक्कम आयोगाच्या शिफारशीहून पुष्कळच कमी होती. आयोगाने वैयक्तिक अत्याचारांवर भर दिला. परंतु भूमी, वेतन व शिक्षण यांतील भेदभावापासून लाभ झालेल्या संपूर्ण समाजाचे उत्तरदायित्व दृष्टीआड राहिले, अशी टीका महमूद ममदानी यांसारख्या विचारवंतांनी केली आहे. २००६ मध्ये माजी पोलीसमंत्री आड्रियान फ्लॉक यांनी चिकाने यांचे पाय धुऊन क्षमा मागितली व पुढील वर्षी न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांना स्थगित शिक्षा झाली. प्रायश्चित्त व न्याय यांचा परस्परसंबंध काय, हा वाद या घटनेने पुन्हा पुढे आला.

मूल्यमापन : अपार्थाइडचा अंत केवळ धर्मसंस्थांमुळे झाला, असे म्हणता येणार नाही. त्यामागे दीर्घकालीन लोकलढा, आंतरराष्ट्रीय दबाव व आर्थिक अपरिहार्यता ही कारणे होती. तथापि या व्यवस्थेचा पाया ज्या नैतिक आत्मविश्वासावर उभा होता, तो धर्मानेच दिला होता आणि तो काढून घेण्याचे कार्यही बव्हंशी धर्मानेच केले. विभाजनाची रेषा चर्चाचर्चांमधून नव्हे, तर प्रत्येक चर्चच्या आतून जात होती, हे नॉडे, क्लेटन व योंकर यांच्या उदाहरणांवरून दिसते. १८५७ मधील निर्णयात तत्त्व अबाधित ठेवून व्यवहारात दिलेली एक लहानशी सवलत शतकभरात संपूर्ण देशाची व्यवस्था बनली, ही गोष्टही लक्षणीय आहे. अन्यायाचे समर्थन प्रायः द्वेषाच्या घोषणेपेक्षा सोयीच्या तडजोडीतून सुरू होते, असे त्यावरून अनुमान काढता येते.

१९९४ मध्ये मिश्रवर्णीय व कृष्णवर्णीय रिफॉर्म्ड चर्चे एकत्र येऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च निर्माण झाले. परंतु गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चशी त्याचे एकीकरण अद्याप पूर्ण झालेले नाही. बेलहार श्रद्धाघोषणेचा स्वीकार हा त्यातील एक मुख्य अडथळा ठरला आहे. २०१७ च्या शासकीय पाहणीनुसार व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्या लोकांकडे होती. १६ डिसेंबर हा एकेकाळी नवसाचा दिवस म्हणून पाळला जाणारा दिवस आता समेटदिन म्हणून साजरा होतो. कायद्यातील वर्णभेद संपुष्टात आला असला, तरी भूमी व संपत्ती यांच्या वाटणीतील त्याचा वारसा नष्ट करणे, हे दक्षिण आफ्रिकेतील राज्यसंस्थेपुढील व धर्मसंस्थांपुढील कार्य अद्याप शिल्लक आहे.